शंका-समाधान : गणिती लायब्ररीचे पॅकेज बांधताना

खुल्या परवान्याचे गणिती सॉफ्टवेअर इतरांना एकाच आज्ञेत बसवता यावे यासाठी त्याचे पॅकेज कसे बांधावे, याविषयी विदर्भातील तालुक्या-तालुक्यांतून आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी बहुपदींचे गुणाकार करणारी आणि त्यांचे अवयव पाडणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) सी भाषेत लिहून एलजीपीएल या खुल्या परवान्याखाली खुली केली आहे. मोठ्या पूर्णांकांसाठी ती जीएमपी ही लायब्ररी वापरते आणि दशांशांसाठी एमपीएफआर ही. मी माझ्या नव्या लॅपटॉपवर उबुंटू या लिनक्समध्ये तिचे डेब पॅकेज तयार केले. वेग मिळावा म्हणून जीएमपीचा सोर्सही (मूळ कोडही) स्वतः कंपाइल करून (यंत्राच्या भाषेत बदलून) त्यातच घातला. माझ्याकडे सर्व सुरळीत चालते, परंतु प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढाच संदेश येऊन प्रोग्रॅम बंद पडतो. ही लायब्ररी पुढे डेबियन या लिनक्सच्या वितरणात (सॉफ्टवेअरच्या तयार संचात) जावी अशी आमची इच्छा आहे. काय करावे?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणजे प्रोसेसरला ठाऊक नसलेली सूचना (हुकूम) त्याच्यापुढे आली. दोष प्राध्यापकांच्या कोडमध्ये दिसत नाही, तो पॅकेज बांधण्याच्या पद्धतीत आहे, आणि त्याच्या दोन संभाव्य जागा आहेत. पहिली जागा जीएमपी. या लायब्ररीची बांधणीपूर्वी चालणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट समोरचा प्रोसेसर नेमका कोणता आहे हे ओळखते आणि वेगळे काही सांगितले नसेल तर त्याच प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेला असेंब्ली कोड निवडते. तुमच्या घरी समोर तुमचा लॅपटॉप होता, त्यामुळे जीएमपी त्याच्यापुरती तयार झाली आणि तीच प्रयोगशाळेत पोहोचली. दुसरी जागा तुमच्या लायब्ररीची मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या आज्ञांची फाइल. वेगाची आवड असलेल्या लेखकांच्या मेकफाइलीत 'मार्च-नेटिव्ह' हा पर्याय पुष्कळदा सापडतो. ज्या यंत्रावर कंपाइल चालू आहे त्याच्याकडे असतील नसतील तेवढ्या सर्व सूचना वापरण्याची मुभा तो कंपायलरला देतो. स्वतःच्या यंत्रावर स्वतःपुरते काम करणाऱ्यासाठी हा पर्याय चांगला आहे. पॅकेज बांधणाऱ्याने मात्र तो दिसताक्षणी काढून टाकावा, कारण त्याचे काम त्याने कधी न पाहिलेल्या यंत्रासाठी असते.

दोहोंपैकी खरा दोषी कोण, हे तर्काने ठरवण्याची गरज नाही. प्रयोगशाळेतील एका संगणकावर जीडीबी (चुका शोधण्याचे साधन) सुरू करा, प्रोग्रॅम त्यात कोसळू द्या आणि तो ज्या सूचनेवर थांबला ती सूचना छापून पाहा. तिचे नाव 'व्ही' अक्षराने सुरू होत असेल, तर ती बहुधा एव्हीएक्स (एकदम अनेक संख्यांवर काम करणाऱ्या सूचना) या कुळातील आहे आणि संशय मेकफाइलीवर जातो. ती 'एमयूएलएक्स', 'एडीसीएक्स' किंवा 'एडीओएक्स' यांपैकी असेल, तर ती बहुधा जीएमपीच्या असेंब्लीतून आली आहे, कारण मोठ्या संख्यांच्या गुणाकारात हातचे वेगाने पुढे नेण्यासाठी त्या सूचनांचा तिथे भरपूर वापर होतो. इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये एव्हीएक्स २०११ साली आले, तर एव्हीएक्स-२ आणि 'एमयूएलएक्स' २०१३ च्या हॅसवेल पिढीत आले; त्याआधीच्या कोअर टू ड्युओसारख्या यंत्रांना या सूचना ठाऊकच नाहीत. केवळ जुनी यंत्रेच अडतात असेही समजू नये. पेंटियम आणि सेलेरॉन नावाने विकल्या गेलेल्या नंतरच्या अनेक स्वस्त प्रोसेसरांतूनही एव्हीएक्स वगळलेले होते, आणि आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांच्या खरेदीत नेमके असेच संगणक येतात.

उपाय सरळ आहे. जीएमपीची आत घातलेली प्रत काढून टाका आणि वितरणाची स्वतःची जीएमपी वापरा. एखाद्या लायब्ररीची प्रत दुसरीच्या पोटात ठेवणे डेबियनच्या धोरणाला मान्य नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे : उद्या जीएमपीत सुरक्षेची त्रुटी सापडली, तर वितरण आपली प्रत दुरुस्त करील, तुमच्या पोटातील प्रत मात्र तशीच राहील. वेगाची काळजी वाटत असेल, तर जीएमपीला 'फॅट' पद्धतीने बांधण्याची सोय तिच्या लेखकांनीच करून ठेवली आहे. त्या पद्धतीत अनेक प्रोसेसरांसाठीचा कोड एकाच फाइलीत असतो आणि निवड चालवताना होते. मॅट्रिक्सच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या ओपनब्लासमध्ये 'डायनॅमिक-आर्च' हा पर्याय हेच काम करतो. तुमच्या स्वतःच्या कोडला नव्या सूचनांचा खरोखर फायदा होत असेल, तर जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत सी लायब्ररीच्या २.३३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, 'एचडब्ल्यूकॅप्स' नावाची सोय आहे. वेगवान प्रत एका ठरावीक उपफोल्डरमध्ये ठेवली की ज्या यंत्राला ती पेलते तिथेच ती उचलली जाते आणि बाकीच्यांना साधी प्रत मिळते. तथापि माझा अंदाज असा, की तुमच्या लायब्ररीचा बहुतेक वेळ जीएमपीच्या गुणाकारांतच जात असणार. आधी मोजून पाहा. दुसरी प्रत सांभाळण्याचा खटाटोप बहुधा करावा लागणार नाही.

आता डेबियनकडे वळू. पॅकेजचे नाव ठरवण्यापूर्वी आवृत्ती आणि एसओनेम (लायब्ररीची सुसंगतता दाखवणारे नाव) यांतील भेद नीट समजून घ्यावा, कारण गणिती लायब्रऱ्यांची पॅकेजे येथेच सर्वाधिक अडखळतात. जीएमपीची आवृत्ती ६ असली तरी डेबियनमधील तिच्या पॅकेजचे नाव 'लिबजीएमपी१०' आहे. एमपीएफआरची आवृत्ती ४ असून पॅकेज 'लिबएमपीएफआर६' आहे. नावातील आकडा आवृत्तीचा नसून एसओनेमचा आहे, आणि तो तेव्हाच बदलतो जेव्हा जुन्या लायब्ररीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या लायब्ररीबरोबर पुन्हा कंपाइल केल्याशिवाय चालणार नाही. सार्वजनिक हेडरमधील (लायब्ररी वापरणाऱ्यांसाठीच्या घोषणांच्या फाइलीतील) एखाद्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे रकान्यांच्या गटात, प्राध्यापकांनी एक रकाना वाढवला, तर वरवर काहीच बिघडलेले दिसत नाही. पण त्या स्ट्रक्टचा आकार जुन्या प्रोग्रॅमात कायमचा कोरला गेलेला असतो आणि तो प्रोग्रॅम शेजारच्या स्मृतीत लिहू लागतो. अशा वेळी एसओनेम वाढवलाच पाहिजे, आणि तो मूळ लेखकांनी वाढवला पाहिजे. पॅकेज बांधणाऱ्याने आपल्या मनाने आकडा बदलला, तर तुमचे पॅकेज आणि इतर वितरणांतील तीच लायब्ररी यांचा मेळ राहत नाही. म्हणून पहिली बैठक प्राध्यापकांबरोबर घ्यावी आणि हा आकडा केव्हा वाढवायचा, हे त्यांच्याकडून लेखी ठरवून घ्यावे.

नावाचाही प्रश्न असतो. अचूक मर्यादांसह दशांश गणित करणारी आर्ब ही लायब्ररी डेबियनमध्ये 'फ्लिंट-आर्ब' या नावाने ठेवावी लागली होती, कारण 'लिबआर्ब' हे नाव आधीच दुसऱ्याकडे होते. पुढे २०२३ मध्ये फ्लिंटच्या ३.० या आवृत्तीत आर्ब विलीनच झाली, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजांना आपापल्या नोंदी बदलाव्या लागल्या. तीन-चार अक्षरांचे सुटसुटीत नाव लेखकाला गोड वाटते, पण ते घेण्यापूर्वी डेबियनच्या पॅकेज-शोधात ते टाकून पाहावे.

पॅकेजचे दोन भाग होतील : चालवण्यासाठी लागणारी लायब्ररी, आणि हेडर व पीकेजी-कॉन्फिगची (लायब्ररी कोठे आहे हे कंपायलरला कळवणारी) फाइल असलेला 'डेव्ह' भाग. तुमच्या हेडरमध्ये जीएमपीचे हेडर समाविष्ट होत असेल, तर डेव्ह भागाने जीएमपीच्या डेव्ह पॅकेजवर अवलंबित्व नोंदवले पाहिजे. ही नोंद राहून जाते, कारण बांधणाऱ्याच्या यंत्रावर ते हेडर आधीपासूनच असते आणि उणीव तिथे जाणवतच नाही. म्हणून प्रत्येक वेळी स्वच्छ क्रूटमध्ये, म्हणजे केवळ घोषित केलेल्या गोष्टीच असलेल्या रिकाम्या डेबियनमध्ये, पॅकेज बांधून पाहावे; एसबिल्ड हे काम करते.

सोर्स कोठून घ्यावा, हेही आता दुय्यम राहिलेले नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. ती सक्रिय करणारी स्क्रिप्ट अधिकृत टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) होती, गिटमध्ये (कोडमधील बदलांच्या नोंदवहीत) नव्हती. तेव्हा टारबॉल आणि गिटमधील टॅग (आवृत्तीची खूण) यांची तुलना करण्याची सवय लावून घ्यावी. गिटहब हे संकेतस्थळ आपोआप तयार करून देते त्या संग्रहांच्या चेकसमवरही (फाइल तीच आहे हे पडताळण्याच्या आकड्यावरही) फार विसंबू नये. जानेवारी २०२३ मध्ये दाबण्याची पद्धत बदलल्याने ते चेकसम अचानक बदलले आणि अनेक पॅकेज व्यवस्थापकांची बिल्ड थांबली. बदल लगेच मागे घेतला गेला, पण धडकी भरायची ती भरलीच. प्राध्यापकांनी स्वतः टारबॉल तयार करून त्यावर सही करून ठेवलेली बरी.

कार्यपद्धती थोडक्यात अशी : डब्ल्यूएनपीपी या नोंदवहीत 'आयटीपी' नोंदवून पॅकेज बांधण्याचा इरादा जाहीर करावा, साल्सा या डेबियनच्या कोड-संकेतस्थळावरील गणित गटाशी संपर्क साधावा, लिंटियन या तपासनीस प्रोग्रॅमच्या तक्रारी मिटवाव्यात आणि मेंटर्सच्या संकेतस्थळावर पॅकेज ठेवून प्रायोजक डेव्हलपर शोधावा. त्यानंतर 'न्यू' (नव्या पॅकेजांच्या) रांगेत परवान्यांची तपासणी होते आणि तिथे थांबावे लागते. त्या काळात विचारणा करत राहण्यापेक्षा चाचण्या सुधारत राहावे.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक आहे. शाळेतील मुलांसाठी संख्याशास्त्राची एक लहान खुली लायब्ररी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बांधत आहे. साध्या संगणकावर तिच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. पायवर एक चाचणी नापास होते. ०.७ आणि ०.७ या दोन नोंदींचे प्रमाण विचलन शून्य यावे, तर तेथे 'नॅन' (संख्याच नाही) येतो. यंत्र सदोष आहे काय? ती चाचणी वगळून पॅकेज बांधले तर चालेल काय?
— ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : यंत्र निर्दोष आहे आणि आपण ती चाचणी वगळू नये, कारण तिने खरीखुरी चूक पकडली आहे. लायब्ररीत बहुधा 'वर्गांची सरासरी उणे सरासरीचा वर्ग' हे आपण वर्गात शिकवत आलेले सूत्र जसेच्या तसे उतरवले असावे. कागदावर ते निर्दोष आहे, यंत्रावर नाही.

साध्या संगणकावर काय घडते ते पाहू. ०.७ ही संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत मावत नाही, म्हणून तिची जवळची संख्या साठवली जाते. तिचा वर्ग करताना उत्तर पुन्हा एकदा पूर्णांकित होते, म्हणजे मावतील तेवढ्याच अंकांपर्यंत आणले जाते. वर्गांच्या सरासरीतही तोच पूर्णांकित वर्ग असतो आणि सरासरीच्या वर्गातही तोच. दोन्ही चुका सारख्या असल्याने वजाबाकी नेमकी शून्य येते. हे शून्य योगायोगाने बरोबर आहे. पायच्या ६४-बिट एआरएम प्रोसेसरमध्ये मात्र गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी एकाच दमात करणारी, मधल्या पायरीवर पूर्णांकन न करणारी एफएमए सूचना मुळातच असते, आणि जीसीसी हा कंपायलर सांगितल्याशिवायही ती वापरतो. साध्या ६४-बिट इंटेल संगणकांसाठी बांधताना ती किमान सूचनासंचात नसल्यामुळे वापरली जात नाही. परिणामी पायवर एका बाजूला पूर्णांकित वर्ग राहतो आणि दुसऱ्या बाजूला अचूक वर्ग. ०.७ च्या बाबतीत पूर्णांकित वर्ग अचूक वर्गापेक्षा किंचित लहान आहे, त्यामुळे वजाबाकी शून्याच्या खाली, साधारण उणे २ भागिले १० चा अठरावा घात इतकी जाते. तिचे वर्गमूळ काढताच 'नॅन'. हाच प्रयोग ०.१ घेऊन केल्यास पूर्णांकित वर्ग मोठा निघतो आणि 'नॅन'ऐवजी एक अब्जांशाच्या आसपासचे धन विचलन दिसते. आपण तो मुलांना अवश्य करून दाखवावा.

कंपायलरला 'एफपी-कॉन्ट्रॅक्ट-ऑफ' (अशी जोडणी करू नको) सांगितल्यास चाचणी उत्तीर्ण होईल, आणि मूळ लेखकांकडून दुरुस्ती येईपर्यंत पॅकेजमध्ये तो पर्याय ठेवणे मला गैर वाटत नाही. पण खरी दुरुस्ती सूत्राची आहे : आधी सरासरी काढावी आणि मग प्रत्येक नोंदीच्या फरकाचा वर्ग घ्यावा, किंवा नोंदी एकेक करून येत असतील तर वेल्फर्ड यांची १९६२ सालची पद्धत वापरावी. दोन्हींमध्ये वर्गांचीच बेरीज होत असल्याने उत्तर ऋण होऊच शकत नाही. दुरुस्ती आपल्या पॅकेजमध्येच पॅच म्हणून दडवून न ठेवता लेखकांकडे पाठवावी.

चाचण्यांत काही फरक असेही असतात, की जे चूक नसतात. जुन्या ३२-बिट इंटेल यंत्रांवर गणित ८० बिटांच्या रजिस्टरांत होते आणि शेवटचे अंक बदलतात. तिथे चाचणीत सहनमर्यादा घालणे योग्य ठरते. मात्र ती मर्यादा किती, हे पूर्णांकनामुळे किती फरक पडू शकतो याच्या गणितावरून काढावे. चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत आकडा वाढवत नेणे म्हणजे तिला नावापुरती ठेवणे होय. 'फास्ट-मॅथ' या, वेगासाठी अचूकता सोडणाऱ्या, पर्यायापासून तर दूरच राहावे. जीसीसीच्या १३ व्या आवृत्तीपूर्वी तो लावून जोडलेली एखादी लायब्ररी नुसती लोड झाली तरी प्रोग्रॅममधील इतरांच्याही अतिलहान संख्या शून्य होत असत.

प्रश्न : आमची अंकगणिताची लायब्ररी लिनक्सवर बरोबर चालते, परंतु कोंडा-फोर्ज या पॅकेजसंग्रहासाठी विंडोजवर बांधल्यावर १,००,००० चा वर्ग १,४१,००,६५,४०८ येतो.
— ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : दहा अब्जांतून दोनाच्या बत्तिसाव्या घाताची दुप्पट, म्हणजे ८,५८,९९,३४,५९२, वजा केली की नेमकी हीच संख्या उरते. ६४-बिट लिनक्सवर सी भाषेतील 'लाँग' हा पूर्णांक-प्रकार ६४ बिटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहिला आहे, त्यामुळे उत्तराचा त्यावरचा भाग गळून जातो. 'लाँग'च्या जागी 'इंट६४_टी' वापरावा. छापण्याचे आणि वाचण्याचे फॉरमॅटही त्याबरोबर बदलावे लागतात, आणि तेच हमखास विसरतात. सार्वजनिक हेडरमधील प्रकार बदलणार असल्याने एसओनेमविषयी वर दारव्ह्याच्या पत्राला दिलेले उत्तर पाहावे.

प्रश्न : आमची लायब्ररी एमआयटी परवान्याची आहे, ती एफएफटीडब्ल्यू (फूरिये रूपांतराची लायब्ररी) वापरते आणि तिच्यात आयगेन या मॅट्रिक्सच्या लायब्ररीची प्रत आहे. रीडमी या माहितीच्या फाइलीमध्ये 'केवळ शैक्षणिक वापरासाठी' असेही लिहिले आहे. काही अडचण येईल का?
— ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : अडचण शेवटच्या वाक्याची आहे. शैक्षणिक वापरापुरते मर्यादित सॉफ्टवेअर डेबियनच्या व्याख्येत मुक्त ठरत नाही, कारण वापराच्या क्षेत्रावरून भेद करण्यास तिथे मनाई आहे. शिवाय एमआयटी परवाना एकीकडे सर्व मुभा देतो आणि रीडमी ती काढून घेते, अशी विसंगती राहते. प्रकल्प-अहवालात शोभावे म्हणून हे वाक्य लिहिण्याची खोड आपल्या महाविद्यालयांत जुनी आहे. लेखकांच्या संमतीने ते काढून टाकावे. एफएफटीडब्ल्यू जीपीएल परवान्याखाली मिळते. तुमचा सोर्स एमआयटीखाली राहू शकतो, परंतु तिच्याशी जोडून तयार केलेली बायनरी (चालवण्याजोगी फाइल) जीपीएलच्या अटींवरच वाटता येते, आणि हे 'कॉपीराइट' फाइलीत स्पष्ट लिहावे. आयगेनचा परवाना ३.१.१ या आवृत्तीपासून एमपीएल-२ आहे, तेव्हा परवान्याची अडचण नाही. प्रत मात्र काढावी आणि वितरणाचे पॅकेज वापरावे.

प्रश्न : गावात मोबाइलच्या डेटावरच काम चालते आणि उन्हाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते. अशा ठिकाणाहून पॅकेज सांभाळणे शक्य आहे का?
— ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : शक्य आहे. डेबियनमध्ये प्रत्येक प्रोसेसरसाठीची बायनरी प्रकल्पाच्या स्वतःच्या बिल्ड यंत्रांवर तयार होते. तुमच्याकडून जातो तो फक्त सोर्स, आणि लहान गणिती लायब्ररीचा सोर्स फार मोठा नसतो. अपवाद पहिल्या वेळेचा. नव्या पॅकेजच्या 'न्यू' रांगेसाठी आपण बांधलेली बायनरीही पाठवावी लागते, आणि ते स्वीकारले गेल्यावर 'टेस्टिंग'मध्ये, म्हणजे डेबियनच्या पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या संचात, जाण्यासाठी पुन्हा केवळ सोर्स चढवावा लागतो. रोजच्या तपासणीसाठी साल्सावरील स्वयंचलित बिल्ड वापरावी. बदल पुश केला की बिल्ड आणि चाचण्या तिकडे होतात आणि तुमच्याकडे फक्त नोंद येते. घरी क्रूट प्रथम उभा करताना डेटा बराच लागतो, म्हणून ते काम तालुक्याच्या ठिकाणी चांगले वायफाय असताना उरकावे आणि ॲप्ट-कॅशर-एनजी बसवून ठेवावे, म्हणजे एकदा उतरवलेले पॅकेज पुन्हा उतरवावे लागत नाही. बिल्ड चालू असताना वीज गेली, तर डीपीकेजी-बिल्डपॅकेजला 'एनसी' हा पर्याय दिल्यास आधीची सफाई टळते आणि मेक राहिलेल्या फाइलींपासून पुढे जाते. अर्धवट लिहिली गेलेली ऑब्जेक्ट फाइल मात्र त्याआधी हाताने पुसावी, आणि पाठवायची प्रत पुन्हा स्वच्छ क्रूटमध्येच बांधावी.